व्हायोलेट सेबरची सगळ्यात चांगली गाणी

मागच्या महिन्यात विजूदादानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी पाठवली. व्हायोलेट सेबर या बँडची दहा सर्वोत्तम गाणी, कुठल्याशा परदेशी वेबसाइटनं निवडलेली. खाली त्यानं स्वतः लिहिलं होतं, 'आमच्या तरुणपणाची साथ.' भाच्यांनी, सुनांनी अंगठ्याची चित्रं पाठवली, कुणी गिटारची चित्रं टाकली. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पहिल्या नंबरावर 'रडकं' होतं. 'घोडं' तिसरं. 'जिना' त्या दहात नव्हतंच. मी फोन पालथा ठेवला आणि गॅसवरचं दूध उतरवलं. ज्यांनी ती यादी केली त्यांनी ते गाणं कधी गाऊन बघितलेलं नसणार. नुसतं ऐकून त्या गाण्यातलं काही कळत नाही.

ही नावं अर्थातच आम्ही ठेवलेली. विजूदादा कराडला इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलवर त्याच्या शेजारच्या खोलीत नागालँडचा एक मुलगा राहायचा, त्याचं नाव टेमजेन, पण त्याला सगळे टेम म्हणत. त्याच्याकडं व्हायोलेट सेबरची अस्सल कॅसेट होती. दादानं तिच्यावरून कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून घरी आणली. कोऱ्या कॅसेटच्या डबीवर गाण्यांची नावं कुठली असणार? मग ज्या गाण्यात ड्रम घोड्याच्या टापांसारखे सुरू होतात ते 'घोडं'. ज्यात तो गायक शेवटी हुंदके देतो ते 'रडकं'. एकात सुरुवातीला गिटार शिट्टी मारल्यासारखी वाजायची, ते 'शिट्टी'. आणि दुसऱ्या बाजूचं अगदी शेवटचं, ज्यात आवाज एक एक पायरी चढत जातो आणि संपला असं वाटतं तिथून आणखी एक पायरी वर जातो, ते 'जिना'. शब्दांचा अर्थ पुढं बऱ्याच वर्षांनी मी शाळेत शिकवत असताना इंटरनेटवर शोधला. शब्द अगदीच टुकार निघाले. गाड्या, दारू, पोरी, हॉटेलातल्या रात्री. 'जिना' त्यातल्या त्यात बरं. एक माणूस बंद दाराशी उभा राहून हाका मारतोय, आणि आतलं माणूस दार उघडत नाही, एवढंच.

एकदा टेमनं अस्सल कॅसेट घरी आणली तेव्हा तिच्यावरचं चित्र आईनं बघितलं. ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, केस पिंजून खांद्यावर सोडलेले, अंगाला चिकटलेल्या चट्ट्यापट्ट्यांच्या विजारी. आई म्हणाली, "ह्या बायका कुठल्या गं?" दादा हसून हसून लोळला. ते चौघं बाप्ये आहेत म्हटल्यावर आईनं चित्र पुन्हा नीट बघितलं, परत दिलं आणि म्हणाली, त्यांच्या आयांना काय वाटत असंल. पुढं जे झालं त्यानंतर ते चित्र मला पुष्कळदा आठवलं. बाईसारखं नटून गाणाऱ्या बाप्यांचं आमच्या घरात कौतुक झालं.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. ऊस बराच होता. पूर्वी आमचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, मळ्यात, घरापासून लांब. पण आबांनी सगळा ऊस कारखान्याला घालायला सुरुवात केली आणि गुऱ्हाळ बंद पडलं. पत्र्याचं मोठं छप्पर, मधोमध रस आटवायचं चुलवण, एका अंगाला पालथी घातलेली भली मोठी काहील. गूळ निघायचा थांबला तरी तिथला वास गेला नव्हता. जमिनीतून, खांबांतून, पत्र्यातून गोडसर करपट वास यायचा, ऊन तापलं की जास्तच. ऊस पिळायच्या चरकाच्या मोटरीसाठी घेतलेली वीज तिथं होती आणि आसपास माणूस नव्हतं, त्यामुळं दादानं आणि त्याच्या मित्रांनी वाजवायला ती जागा धरली. रविवारी सगळे सायकलीवरून यायचे. दादा आणि टेम गिटार वाजवायचे. तासगावचा एक मुलगा काकवीचे रिकामे डबे पालथे घालून त्यांच्यावर ड्रम बडवायचा. आणि गायचा सांगलीचा अभिजित. अभिजित दिसायला देखणा, केस खांद्यापर्यंत, त्यांना लिंबाचा रस लावून लावून ते भुरे केलेले. आबांना मुलं वाजवतात हे माहीत होतं. त्यांचा स्वतःचा गावच्या भजनात पखवाज असायचा, त्यामुळं वाजवण्याला त्यांची हरकत नव्हती. एवढंच म्हणायचे की तुमच्या त्या गाण्यात ताल हाय, पर देव कुठं दिसत न्हाई.

मी तेव्हा कराडलाच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दादापेक्षा दोन वर्षांनी लहान. रविवारी मी जेवण घेऊन गुऱ्हाळावर जायची आणि चुलवणाच्या कट्ट्यावर बसून ऐकायची. आई थालीपीठं, खर्डा आणि ताकाची किटली बांधून द्यायची. टेमला खर्डा फार आवडायचा. तो म्हणायचा, आमच्याकडच्या मिरचीपुढं ही लहान बहीण आहे, पण बहीण आहे. मुलं तोंड पुसून पुन्हा वाजवायला लागायची, आणि दरवेळी 'जिना'पाशी येऊन अडायची. कारण ते गाणं अभिजितच्या गळ्यात बसत नव्हतं. व्हायोलेट सेबरचा गायक पुरुष असून इतक्या वरच्या पट्टीत गायचा की कराडातल्या कुठल्याच मिसरूड फुटलेल्या पोराला ते जमलं नसतं. अभिजित चढत जायचा आणि चौथ्या पायरीला त्याचा आवाज फाटायचा. मग तो खोकायचा, पाणी प्यायचा, म्हणायचा की आज घसा बरा नाही.

एका रविवारी असंच अडलं आणि मी कट्ट्यावर बसल्या बसल्या पुढची ओळ म्हटली. मुद्दाम नव्हे. घरात भांडी घासताना, पाणी भरताना ती कॅसेट माझ्या तोंडात बसलेली होती. इंग्रजी शब्द कळत नव्हते, पण ते जसे ऐकू यायचे तसे मी म्हणत असे. मी शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि वर थांबले. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज इतका मोठा झाला की माझा मलाच तो ओळखू येईना. टेमनं गिटार खाली ठेवली. तो मला कायम दीदी म्हणायचा, मी त्याच्याहून लहान असूनही. तो हिंदीत म्हणाला, "दीदी, फिरसे." मी पुन्हा म्हटलं. दादा माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तेव्हा आनंद समजले. अजूनही मला वाटतं की तो आनंदच होता. त्याला त्याचं गाणं मिळालं होतं.

त्यानंतरची थंडी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गेली. हे मी लग्न, मुलं, नोकरी, सगळं धरून लिहिते आहे. त्यांच्या कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं होतं आणि त्यात मी तीन गाणी म्हणायची असं ठरलं, 'घोडं', 'रडकं' आणि 'जिना'. आम्ही दर रविवारी आणि मधल्या सुट्ट्यांना गुऱ्हाळावर जायचो. वीज गेली की मुलं उसाच्या फडात शिरायची आणि कांडी मोडून आणायची, आम्ही सगळे चुलवणाभोवती ऊस खात बसायचो आणि कुठलं गाणं चांगलं यावरून भांडायचो. दादाचं मत 'रडकं', कारण पोरींना तेच आवडतं. टेम म्हणायचा 'घोडं', कारण गिटार वाजवणाऱ्याला त्यात काम आहे. अभिजितला 'शिट्टी' आवडायची, ते त्याला पूर्ण म्हणता यायचं. मी म्हणायचे 'जिना'. दादा म्हणायचा, तुला काय कळतंय? मी म्हणायचे, म्हणून बघ म्हणजे कळंल.

आईला सगळं माहीत होतं. एकदा ती स्वतः किटली घेऊन आली आणि मी गात असताना खांबाला टेकून उभी राहिली. गाणं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं की हा माणूस एवढा कुणाला हाका मारतोय. मला अर्थ माहीत नव्हता तरी तिला बरोबर कळलं होतं. आबांना सांगायचं नाही हे तिचं तिनंच ठरवलं. मी गॅदरिंगमध्ये स्टेजवर गाणार हेही तिला ठाऊक होतं. तिनं तिची मोरपंखी साडी पेटीतून काढून उन्हाला टाकली. आबांनी विचारलं तर मैत्रिणीच्या बहिणीचा साखरपुडा आहे म्हणून सांगायचं, असं ती म्हणाली.

गॅदरिंग दुपारनंतर सुरू झालं. मी दादाच्या मागं सायकलवर बसून गेले. हॉल भरलेला, मागं खिडक्यांत पोरं चढून बसलेली. आमचा नंबर यायच्या आधी दादानं मला बाजूला घेतलं आणि विंगेतली एक जागा दाखवली. तिथं पडद्याच्या मागं एक माईक उभा केलेला होता. तो म्हणाला की तू इथून म्हणायचं. पुढं अभिजित उभा राहील, तो तोंड हलवेल. मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, मग लोकांना काय वाटणार? दादा म्हणाला की लोकांना गाणं ऐकायचंय, कोण म्हणतंय त्याच्याशी त्यांना काय करायचंय? शिवाय आपल्या गावची दोन पोरं हॉलमध्ये आहेत, आबांच्या कानावर जायला नको, हे मी तुझ्यासाठीच करतोय. टेम तिथंच उभा होता. तो दादाला म्हणाला की हे बरोबर नाही, तिला पुढं उभं कर. दादानं त्याला सांगितलं की तुला आमच्याकडचं माहीत नाही, तू वाजव. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

मी पडद्यामागं उभं राहून 'घोडं' म्हटलं. मला अभिजितची पाठ दिसत होती. त्यानं कपाळाला पट्टी बांधली होती, केस मोकळे सोडले होते, डोळ्यांत कुणाच्या तरी बहिणीचं काजळ होतं. तो केस उडवत होता, माईक तोंडाशी धरून वाकत होता, आणि माझा आवाज त्याच्या तोंडातून निघत होता. गाणं संपलं तेव्हा पोरींनी त्याच्या नावानं ओरडायला सुरुवात केली. त्यानं कंबरेत वाकून नमस्कार केला. मग 'रडकं' झालं. त्यात तो गुडघ्यावर बसला आणि डोळे पुसल्यासारखं केलं. पुन्हा त्याचं नाव. मी तिथं मोरपंखी साडीत उभी होते आणि धुळीनं भरलेला तो लाल पडदा माझ्या नाकाला लागत होता.

'जिना' सुरू झालं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. जिथं अभिजितचा आवाज कायम फाटायचा तिथं मी आले, आणि माईक काढून हातात घेतला आणि चालायला लागले. विचार करून केलं असं मी म्हणू शकत नाही. वायर लांब होती, ती मागून येत राहिली. मी पडद्याच्या कडेनं बाहेर आले आणि स्टेजच्या मध्यापर्यंत गात गात गेले. अभिजित तसाच तोंड उघडून उभा होता, मग त्यानं ते मिटलं आणि बाजूला झाला. डोळ्यांवर उजेड होता, त्यामुळं मला माणसं दिसत नव्हती. टेम माझ्याकडं वळला आणि वाजवत राहिला, आणि त्यानं मान हलवून मला पुढची पायरी दाखवली. दादानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मी वर गेले, थांबले, आणि मग जिथं सगळ्यांना संपलं असं वाटतं तिथून आणखी वर गेले. संपल्यावर मी माईक खाली केला. मला वाटलं, आता काहीतरी फेकून मारतील. मग लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. तो आवाज मला आजही कुठल्या लग्नात, कुठल्या सभेत टाळ्या वाजल्या की आठवतो, आणि त्या टाळ्या त्याच्यापुढं फिक्या वाटतात.

परत येताना दादा मान खाली घालून जोरात सायकल हाणत होता. मी मागं बसून हसत होते. त्याला दिसत नव्हतं म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना सगळं कळलेलं होतं. आम्ही नाष्ट्याला बसलो होतो, आई चुलीपुढं भाकरी थापत होती. आबांचा आवाज चढला नाही. त्यांनी दादाला विचारलं, "तू न्हेलतंस का हिला?" दादानं ताटावरून नजर न काढता सांगितलं, "म्या न्हाई. ती मैत्रिनींबरं आली हुती. आमचं गानं चाललं हुतं, मधीच ष्टेजवर चढली. आमचीच लाज गेली सगळ्या कॉलेजात." आईचा हात भाकरीवर थांबला. तिनं दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं डोळ्यांनी मला गप्प केलं. आबा माझ्याकडं वळले.

"समदा हॉल उटून हुबा ऱ्हायला म्हनत्यात," ते म्हणाले. "आवाज लय चांगला हाय म्हनं तुजा."

मी मान हलवली. एक क्षण मला वाटलं की ते खूश झालेत.

"म्हनूनच सांगतुया. वाईट गायली असतीस, तर लोकं चार दिसात इसरली असती. आता न्हाई इसरायची."

त्यांनी हात धुतले आणि उठले. माझं कॉलेज बंद झालं हे मला आईनं सांगितलं. मी तिला म्हटलं की दादा खोटं बोलला, तूच साडी उन्हाला टाकली होतीस, तूच आबांना सांग. ती परसात, धुण्याच्या दगडापाशी उभी होती. म्हणाली, "त्येचं शेवटचं वरीस हाय. आबांनी त्येचं शिक्षान थांबवलं तर घराचं वाटूळं हुईल. तू काय, कवातरी जानारच हाईस. गप ऱ्हा." मी गप्प राहिले. आई वारली तोपर्यंत मी तिच्यापाशी या विषयावर एक शब्दही काढला नाही. पुढं कितीतरी बायकांनी आपापल्या घरातल्या अशा गोष्टी मला सांगितल्या. प्रत्येकीला गप्प बसवणारी कुणीतरी जवळचीच होती, आणि ती वाईट बाई नव्हती.

काही दिवसांनी टेम आमच्या दारात आला. मी आत दाराआड होते. तो दादाला म्हणत होता की त्यांचे एक सर दीदीला भेटायचं म्हणतायत, पुण्यात त्यांच्या ओळखीचं गाणं शिकवणारं कुणी आहे. दादानं त्याला अंगणातच थांबवलं. सांगितलं की ती मामाकडं गेलीय, आणि आता तू इकडं येत जाऊ नको, गावात बरं दिसत नाही. टेम थोडा वेळ उभा राहिला. मी दार ढकललं असतं तर तो तिथं होता. मला वाटलं, आपलं आता कुणी ऐकणार नाही. तो सायकल घेऊन गेला. त्या वर्षीच्या परीक्षेनंतर तो आपल्या गावी गेला आणि पुन्हा त्याचं काही कळलं नाही. त्याच्यासारखं माझ्या आवाजाकडं पुन्हा कुणी लक्ष दिलं नाही.

मे महिन्यात माझं लग्न झालं, आटपाडीकडच्या एका गावात. नवरा फौजेत. कृष्णेच्या काठावरनं मी अशा ठिकाणी गेले जिथं पाण्याच्या टँकरची वाट बघत बायका दुपार काढायच्या. आमच्या ह्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेव्हाही नव्हती. सुट्टीवर आले की घागरी स्वतः उचलायचे, त्यावरून गावात हसं व्हायचं, पण त्यांनी सोडलं नाही. माझं राहिलेलं शिक्षण त्यांनीच बाहेरून पूर्ण करायला लावलं, त्यामुळं मी शाळेत शिक्षिका झाले. एकदा सुट्टीत ते अंगणात बसलेले असताना मी धुणं वाळत घालत होते आणि नकळत 'जिना'ची पहिली पायरी तोंडातून निघाली. त्यांनी विचारलं, कसलं गाणं? मी म्हटलं, सिनेमातलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. शाळेत मी मुलांना कविता चालीवर शिकवल्या, पण खालच्या पट्टीत, मुलांना झेपेल अशा. वरचा आवाज वापरला नाही की तो जातो. एकदम जात नाही. आधी एक पायरी जाते, मग दुसरी, आणि एक दिवस खालीच उभं असल्याचं लक्षात येतं.

विजूदादा इंजिनिअर झाला, सांगलीला पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना काढला, चांगला चालवला. गेल्या रविवारी त्याची साठी झाली. सांगलीत मोठा हॉल घेतला होता. आम्ही आटपाडीहून सकाळी निघून गेलो. मी त्याला ओवाळलं. त्याच्या नातीनं, रियानं, गिटारवर 'रडकं' वाजवलं. दहा-अकरा वर्षांची पोर, बोटं चांगली फिरत होती. मग दादानं माईक घेतला आणि गोष्ट सांगायला लागला. बंद पडलेलं गुऱ्हाळ, काकवीचे डबे, नागालँडचा मित्र, गॅदरिंगमध्ये उभा राहिलेला हॉल. फार छान सांगितली. लोक हसत होते, माना डोलवत होते. मीही ऐकत होते आणि वाट बघत होते की आता तो माझ्यापाशी येईल. साठ वर्षांचा झाला, आईआबा नाहीत, आता कुणाची भीती आहे?

रियानं विचारलं, "आजोबा, पण गायचं कोण?"

दादानं पुढच्या रांगेकडं हात केला. "हा काय, आमचा अभिजित. काय आवाज होता याचा. हॉल उभा राहिला होता याच्या गाण्याला."

अभिजित उठला. त्याच्या डोक्यावर आता केस नाहीत. त्यानं लोकांना हात जोडले आणि तसेच हात जोडलेले असताना त्याची नजर माझ्यावर आली. ती लगेच खाली गेली. त्याला आठवत होतं. तो खाली बसला आणि त्यानं बायकोच्या हातातली पाण्याची बाटली घेतली.

मी जागेवरून म्हटलं, "दादा, गायची मी."

माईक नव्हता, पण शाळेत तीसेक वर्षं काढलेल्या बाईचा आवाज हॉलभर ऐकू जातो. सगळे वळले. दादा माझ्याकडं बघून प्रेमानं हसला. "अगं हो, ही पण यायची की आमची मंगल. लहान होती, हट्ट करायची म्हणून न्यायचो. कट्ट्यावर बसून ऐकायची."

मी त्याचा चेहरा नीट बघितला. आबांपुढं ताटावरून नजर न काढता खोटं बोलताना मी त्याला बघितलेलं आहे, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. या वेळी तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता आणि खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. इतक्या वर्षांत त्यानं ते इतक्या वेळा तसं सांगितलं असणार की त्याच्या डोक्यातून मी स्टेजवरून उतरून पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले होते. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. ज्याला आठवतच नाही त्याच्याशी काय भांडायचं? कुणीतरी केक आणला आणि लोक तिकडं गेले.

परतताना तासगाव मागं पडलं. द्राक्षांच्या बागा दोन्ही अंगांनी सरत होत्या. हे गाडी चालवत होते. मग मी त्यांना सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, टेम, पडदा, साडी, टाळ्या, आबा, आई. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि पहिल्यांदाच सांगत होते. त्यांनी मधे कुठंही थांबवलं नाही.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळले.

"लगीन ठरवाय आलतो तवाच तुज्या आबांनी आमच्या वडलांस्नी सांगितलं. म्हनलं, पोरगी गात हुती, ष्टेजवर बी गायलीय. पर आता गानार न्हाई, म्या शबूद देतो. बाकी काय लपवून ठिवलेलं न्हाई." मग ते म्हणाले, "म्या तुला गाऊ नगंस असं कवाच म्हनलं न्हाई."

ते खरं होतं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"व्हय," मी म्हटलं. "गा असं बी कवा म्हनला न्हाईसा."

त्यांनी गिअर बदलला. पुढं घाट होता.